ओठांवरचं खोटं

मोठ्या मालकांचा पुतळा चौकात उभा आहे. त्यांच्या नावाची शाळा आहे, इस्पितळ आहे, आणि त्यांच्या कापडगिरणीने बहिरी केलेली माणसंही गावभर आहेत. पुतळ्याखालच्या दगडावर शाळेचा आणि इस्पितळाचा उल्लेख आहे, कानांचा नाही. माझी मावशी त्या न लिहिलेल्या यादीतली.

मागखात्यात शेकडो माग एकदम चालत. शेजारच्याच्या कानात ओरडूनही उपयोग नसे, म्हणून सगळे ओठांनी बोलत. आवाज काढायचा नाही, शब्द तोंडभर मोठा करायचा आणि समोरच्याने तो बघून घ्यायचा. आई आणि मावशी दोघी तिथे कामाला होत्या. घरीही त्या तशाच बोलत, विशेषतः माझ्याबद्दल काही बोलायचं असलं की. मला ती विद्या त्यांनी मुद्दाम शिकवली नाही. माझ्या लग्नाची अख्खी चर्चा माझ्या डोळ्यांदेखत झाली आणि मला त्यातलं अवाक्षर कळलं नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

त्या बोलण्याला एकच नियम होता. बाहेर कुणी कितीही थापा मारो, ओठांवर खोटं बोलायचं नाही. एकदा एकाने गंमत म्हणून लांबून काकांना, म्हणजे मावशीच्या नवऱ्याला, माग बंद आहे असं सांगितलं. काकांनी आत हात घातला आणि दोन बोटं गमावली. गंमत करणाऱ्याला मालकांनी काढलं नाही, पण त्यानंतर खात्यात कुणी त्याच्या तोंडाकडे बघेना. ज्याच्याकडे कुणी बघत नाही तो तिथे मुकाच. शेवटी तो आपणहून काम सोडून गेला.

मोठे मालक त्या खात्यात वाढलेले. त्यांच्या वडिलांनी त्यांना तरुणपणी मागावर उभं केलं होतं, त्यामुळे ओठांचं बोलणं त्यांना यायचं. माणूस कडक, पण दिलेला शब्द पाळणारा, असं सगळे म्हणत. गिरणीच्या मागच्या गल्लीतली आमची घरं राहणाऱ्यांच्या नावावर करून देईन, असं त्यांनी भर सभेत सांगितलं होतं. कागद मात्र झाला नव्हता. आणि एके दिवशी त्यांना झटका आला, अर्धं अंग गेलं, वाचा गेली.

मुलं उशाशी बसली, वकील बसला. मालक ओठ हलवत होते आणि कुणाला काही उमगत नव्हतं. म्हातारा मॅनेजर म्हणाला, हे मागखात्याचं बोलणं आहे, तिथलं कुणीतरी आणा. खात्यात मावशीसारखी पटकन ओठ वाचणारी दुसरी नव्हती, म्हणून तिला बोलावणं आलं.

गल्लीने तिला डोक्यावर घेतलं. कुणी धुतलेली साडी दिली, कुणी चपला. आईने तिची वेणी घातली, मग तिला आपल्याकडे वळवून ओठांनी काहीतरी सांगितलं. काय ते मला पुढे कळलं. मालक काहीही बोलू देत, तू घरं म्हण.

मावशी परत आली तेव्हा सगळी गल्ली दारात उभी होती. ती म्हणाली, मालक एकच विचारत होते, माग का थांबवले. बापाला शांत झोप लागावी म्हणून मुलांनी बंगल्यालगतचं खातं बंद ठेवलं होतं, आणि त्या शांततेने म्हाताऱ्याच्या जिवाचं पाणी झालं होतं. थोरल्या मुलाने घरांचं विचारायला लावलं, तेव्हा मावशीने मालकांसमोर बसून नीट विचारलं. त्यांनी पुन्हा तेच म्हटलं, माग का थांबवले. तिने तेच सांगितलं. माग सुरू झाले, मालकांना झोप लागली आणि त्याच आठवड्यात ते गेले.

"एक शब्द," आई म्हणाली. "तो माणूस काय उठून नाही म्हणणार होता?"

"ताई, ओठांवरचं होतं ते," मावशी म्हणाली.

मी आईच्या बाजूची होते, आजही बरीचशी आहे. थोरल्याने ऐकलं असतं का, देव जाणे. पण निदान सांगून तरी बघायचं. मावशीने न उच्चारलेला हा एक शब्द आम्हाला महागात पडला. मुलांनी जमीन विकली, गल्ली पाडली आणि माणसं चारी दिशांना पांगली. पुढे गिरणीही बंद झाली.

आईने अबोला धरला, आणि तो मागखात्याचा अबोला होता. मावशी आली की आई तोंड फिरवायची. कामात असली तर कामाकडे, नसली तर भिंतीकडे. तोवर मावशीला मुळीच ऐकू येईनासं झालं होतं, त्यामुळे तोंड फिरवून आई बोलली काय आणि न बोलली काय, तिच्यासाठी सारखंच. तरी ती प्रत्येक वेळी यायची, बसायची, आईची पाठ बघून परत जायची. मला तेव्हा तिचा राग यायचा. आता वाईट वाटतं.

आईच्या घशाचं ऑपरेशन झालं ते मालकांच्याच नावाच्या इस्पितळात. तिचा आवाज गेला आणि डॉक्टरांनी आशाही फारशी ठेवली नाही. मावशी येऊन खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली. आईने मान भिंतीकडे नेली. मग हळूहळू परत आणली आणि कितीतरी वर्षांनी बहिणीच्या तोंडाकडे बघितलं. तिचे ओठ हलले. मावशीने मान डोलावली.

मी मावशीला बाहेर नेलं, तिच्यासमोर उभी राहिले आणि तोंड मोठं करून विचारलं, काय म्हणाली. माफ केलं म्हणाली, एवढंच मला ऐकायचं होतं. तिने तसं सांगितलं असतं तर मी काय पडताळून बघणार होते?

"म्हणाली, तेव्हा खोटं बोलायला हवं होतंस."

मी पुन्हा तोंड मोठं करून विचारलं, "आणखी काही?"

"खिडकी लाव म्हणाली. गार लागतंय तिला."

मावशी आत गेली. तिने खिडकी लावली, स्टूल ओढलं आणि आईला तोंड दिसेल अशी तिच्या समोर बसली.