अण्णा रागवेनासे झाले

अंबडच्या कारखान्यात मशीनचा आवाज मोठा की सुपरवायझर नाथाअण्णा सांगळ्यांचा, हा वाद कधी मिटला नाही. सिन्नरकडचे अण्णा सकाळी आत आले की तोंडाचा पट्टा सुरू. पण सकाळी ज्याची खरडपट्टी निघे, त्याला दुपारी त्यांच्याच डब्यातली भाकरी मिळे. माणसांना त्या रागाची सवय झाली होती. सवय कसली, लळाच म्हणा.

अठ्ठ्याण्णव साली नवे मॅनेजर आले. आता हुकूम सोडणारे सुपरवायझर नकोत, माणसं घडवणारे लीडर हवेत, असं त्यांचं म्हणणं. अण्णांना ट्रेनिंगला पाठवतानाच त्यांनी बजावलं, "जमलं तर ठीक, नाहीतर स्वेच्छानिवृत्तीचा विचार करा." मुलीचं, योगिनीचं, लग्न अजून व्हायचं होतं. अण्णा निमूट ट्रेनिंगला गेले. परत आले ते तोंडाला कुलूप घालूनच.

त्याच आठवड्यात मशीनवरच्या बारकूनं जॉब, म्हणजे घडवायला लावलेला भाग, बिघडवला. अण्णा हळू आवाजात म्हणाले, "बारकूभाऊ, तुम्हाला काय वाटतं, हे कशामुळे झालं असेल?"

बारकूची पाचावर धारण बसली. इतक्या वर्षांत अण्णांनी त्याला कधी 'भाऊ' म्हटलं नव्हतं. पुढेही तेच चाललं. अण्णा गोड बोलून विचारत, माणसं माना खाली घालत. असले प्रश्न ट्रेनिंगच्या गार खोलीत सोपे असतात, हे शिकवणाऱ्यांना कोण सांगणार!

रविवारी बारकूची बायको भागुबाई इंदिरानगरला अण्णांच्या घरी आली, ती डोळ्यांना पदर लावूनच.

"अण्णा, आमच्या ह्यांना घरी बसवनार का?"

"कोण म्हणालं?"

"तुमी त्यांना रागवत नाय आता. अहोजाहो करता. लय घाबरलेत ते, जेवत नाय."

अण्णांना आधी हसू आलं, मग स्वतःचीच लाज वाटली.

सोमवारी चहाच्या वेळी त्यांनी सगळ्यांना जवळ बोलावलं. "तुम्हाला कुणी घरी बसवत नाही. बसवलं तर मला बसवतील. साहेब मला म्हणतात, माणसांना विचारून काम करायला शिका. मला नाही रे येत ते. भीती वाटते."

बारकूच पुढे झाला. "मंग तो परवाचा प्रश्न परत विचारा की. पन भाऊ नका म्हनू."

"बारक्या, जॉब का बिघडला रे?"

बारकू बोलला, त्याला तोडून शेजारच्या मशीनवरचा सोमा बोलला, मग सगळेच. भोंगा झाला तरी थांबेनात. अण्णांनी दोनदा तोंड उघडलं.

"थांबा वो अण्णा," सोमा म्हणाला, "आमचं होऊ द्या आधी."

आणि अण्णा थांबले.