फलाट नसलेली दोन भोकं

माझा थोरला भाऊ वाशीमच्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होता. काचेमागे बसून माइकवर सांगायचा: मानोऱ्याकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागली आहे. संध्याकाळी घरी आला की दारातूनही तो हाच सूर लावायचा. आतून माय विचारायची, "कोन?" तो म्हणायचा, "गाडी लागली, माय." मग ती उठून बसायची.

मायची नजर काचबिंदूनं गेली होती. घरातली माणसं ती आवाजावरून ओळखायची.

भावाचा आवाज आधी बसला, मग घोगरा झाला. बसस्थानकावरच्या लोकांना वाटलं सर्दी आहे. तपासणीत स्वरयंत्रात गाठ निघाली. नागपूरच्या डॉक्टरांनी स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल असं सांगितलं. पुढचा श्वास गळ्याला पाडलेल्या छिद्रातून घ्यायचा, आणि बोलणं बंद. ऑपरेशनची तारीख दसऱ्यानंतरच्या आठवड्यातली होती. त्यानं डॉक्टरांना फारसं काही विचारलं नाही. घरी आल्यावर मला विचारलं.

"मायले कसं समजन, मीच आलो म्हनून?"

मी तेव्हा एका वृत्तपत्राच्या कचेरीत काम करत होतो. दसऱ्याला चार दिवसांच्या सुटीवर गावी आलो, तेव्हा माझा जुना लॅपटॉप सोबत आणला. रोजची वाक्यं त्याच्याच आवाजात आधीच भरून ठेवायची आणि नंतर गरजेप्रमाणे वाजवायची, ही कल्पना माझी. हे फोनवर का केलं नाही, असं पुढे अनेकांनी विचारलं. भावाचा फोन बटणांचा होता. माझ्या फोनवर भरता आलं असतं, पण मी परत जाणार होतो आणि बोलताना त्याला समोर कुणी नको होतं. शिवाय मोठ्या पडद्यावर वाक्यांची यादी दिसली असती आणि हवं ते वाक्य त्याला स्वतःच्या हातानं लावता आलं असतं.

आल्या दिवशीच दुपारी आम्ही खाटेवर लॅपटॉप ठेवला. भावानं तो हातात घेऊन चारही बाजूंनी फिरवून पाहिला.

"इतके भोकं कायले?"

मी एकेक सांगत गेलो. त्यानं दवाखान्याच्या चिकटपट्टीचे तुकडे कापले, त्यांवर आकडे लिहिले आणि प्रत्येक भोकाशेजारी एक चिकटवला. डावीकडचं गोल भोक चार्जरचं, ते फलाट एक. इंटरनेटच्या वायरीचं चौकोनी, फलाट दोन. टीव्हीला जोडायचं चपटं, फलाट तीन. यूएसबी, फलाट चार. उजवीकडे हेडफोनचं बारीक गोल भोक, मग आणखी एक यूएसबी, मग कॅमेऱ्याचं कार्ड घालायची फट. सातवर यादी संपली. मागच्या कोपऱ्यात एक छोटं आयताकृती भोक होतं. चोरी होऊ नये म्हणून त्यात साखळी अडकवतात, असं मी सांगितलं.

"बैल हाय का बांधाले?" भाऊ म्हणाला. त्या भोकाला नंबर मिळाला नाही. खालच्या जाळीलाही नाही. "हा डेपो. अथून नुसती गरम हवा निंगते."

मग त्यानं घरातल्या सगळ्यांची परीक्षा घेतली. वैनी स्वयंपाकघरातून आली तर तिलाही उभं केलं.

"फलाट तीनवर कोनती गाडी?"

"मले भाकरी थापू द्या," वैनी म्हणाली. "तुमची एक तरी गाडी कदी टायमावर आली काय?"

माय भिंतीला टेकून बसली होती. ती हसली. त्या दुपारी घरात कुणी ऑपरेशनचं नाव काढलं नाही.

शेवटी भावानं विचारलं, "अन् बोलाचं कोनत्या भोकात?"

मला ते माहीत नव्हतं. वर्षानुवर्षं मी त्या यंत्रावर बातम्या लिहिल्या होत्या. माइक कुठं असतो हे पाहण्याची वेळ कधी आली नव्हती. पडद्याच्या वरच्या पट्टीत मधोमध कॅमेरा होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना सुईनं टोचल्यासारखं एकेक भोक होतं. ती मला दिसत होती. नक्षी असावी असं मी धरलं.

"कोठंबी बोल," मी म्हणालो. "त्याले आयकू येते."

मी एक वाक्य बोलून पाहिलं. ते स्वच्छ उमटलं. माझी तपासणी तिथं संपली.

दसऱ्याला आमच्याकडे घरातल्या कामाच्या वस्तू पूजेला मांडतात. विळा, अडकित्ता, शिलाई मशीन, भाऊ कंडक्टर असतानाचा तिकिटाला भोक पाडायचा जुना पंच, माझं पेन. त्या वर्षी पाटावर मधोमध लॅपटॉप होता, उघडून ठेवलेला. वैनीनं ओली हळद आणि ओलं कुंकू घेतलं आणि थांबली.

"याचं कपाळ कोनतं, भाऊजी?"

मी वरच्या पट्टीकडे बोट दाखवलं. तिथं डोळा आहे, त्याच्यात जाऊ देऊ नका, असंही सांगितलं. तिनं काळजी घेतली. डोळ्याच्या एका बाजूला हळदीचं बोट लावलं, दुसऱ्या बाजूला कुंकवाचं. वर अक्षता टाकल्या. मायला पाटाजवळ आणून नमस्कार करायला लावला. मायनं चाचपून लॅपटॉपच्या कडेला हात लावला आणि तोच हात स्वतःच्या कपाळाला लावला.

दुसऱ्या दिवशी मी ओल्या फडक्यानं ती पट्टी पुसली. डाग जाईना म्हणून अंगठ्यानं दाबून पुसली. मग भावाला कॅमेऱ्यावर रेकॉर्डिंग कसं सुरू करायचं, कसं बंद करायचं ते पुन्हा दाखवलं आणि मी गेलो.

तो रोज सकाळी मायला अंगणात उन्हात बसवायचा, आत येऊन दार लावायचा आणि लॅपटॉपसमोर बसायचा. कोणती वाक्यं भरायची ते त्यानं वहीत लिहून काढलं होतं. ती वही माझ्याकडे आहे. माय, जेवली का. गोळी घेतली का. अंगनात ओलं हाय, जाऊ नको. मी ड्युटीवर चाललो. हो. नाई. आत्ताच येतो. मी हाय ना. पहिल्या ओळीवर होतं: गाडी लागली, माय.

भरलेलं त्यानं एकदाही ऐकलं नाही. मी फोनवर विचारलं तर म्हणाला, "मले नाई आयकाचा तो घोगरा आवाज. तू पाहून घेजो."

मी पाहिलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नागपूरच्या वॉर्डात त्याच्या खाटेशेजारी बसून लॅपटॉप उघडला. सगळ्या फाइली होत्या, प्रत्येकीला वाक्याचं नाव दिलेलं. एकेक उघडली. चित्र स्वच्छ होतं. भावाचे ओठ हलत होते आणि प्रत्येक वाक्याआधी तो घसा खाकरत होता. शेजारच्या खाटांवर पेशंट झोपले होते, म्हणून मी आवाज बंद ठेवला होता. हेडफोन वाशीमला राहिले होते. फलाट पाच रिकामा होता.

"बराबर हाय?" भावानं विचारलं.

"हो."

तो त्या रात्री शांत झोपला, असं नर्सनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं.

पंधरा दिवसांनी आम्ही त्याला घरी आणलं. गळ्यावर पातळ कापड बांधलेलं होतं. दारात पाय वाजले तशी आतून माय म्हणाली, "कोन?"

भाऊ दारातच पायरीवर बसला. त्यानं लॅपटॉप मांडीवर घेतला आणि पहिली फाइल लावली. त्यातून खरखर आली. तिच्या खाली, पाच गोधड्यांच्या आतून कुणी बोलावं तसं काहीतरी होतं. त्यानं आवाज पूर्ण वाढवला. खरखर वाढली. दुसरी फाइल लावली, मग तिसरी.

"कोन हाय?" माय म्हणाली. "बोलत काहून नाई?"

"तुमचा लेक हाय, आत्याबाई," वैनी म्हणाली.

"मंग तो बोलत काहून नाई?"

भाऊ आत जाऊन तिच्यासमोर बसला आणि त्यानं तिचा हात आपल्या चेहऱ्यावर ठेवला. तिनं गाल चाचपले, हनुवटी चाचपली. बोटं खाली सरकली, कापडाखालच्या छिद्राशी आली. तिथली हवा बोटांना लागताच तिनं हात काढून घेतला.

मी लॅपटॉप बाजारातल्या दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानदारानं डोळ्याला भिंग लावलं आणि थेट वरच्या पट्टीकडे गेला.

"दोन माइक हायत याले, कॅमेऱ्याच्या आजूबाजूले. एकात पिवळं भरलं हाय, एकात लाल." त्यानं मान वर केली. "लगन लावलं का काय याचं, साहेब?"

त्यानं बारीक ब्रशनं आणि सुईनं दोन्ही भोकं साफ केली. मग "हॅलो, हॅलो, एक दोन तीन" म्हणून ते परत वाजवून दाखवलं. त्याचा आवाज अगदी स्पष्ट होता.

फाइली मी कचेरीतल्या ध्वनीचं काम करणाऱ्या सहकाऱ्याकडे दिल्या. त्यानं दोन दिवस घालवले. एका ठिकाणी "माय" असा शब्द असावा, असं तो म्हणाला. खात्री देत नाही, असंही म्हणाला. एका माणसानं दिलेल्या बातमीची दुसऱ्याकडून खात्री करून घ्यावी, हे मी कचेरीत नव्या लोकांना शिकवायचो.

भावाला सगळं सांगितलं. हळद-कुंकू वैनीनं लावलं होतं, पण जागा मी दाखवली होती आणि दाबून आत मीच घातलं होतं, हेही सांगितलं. त्यानं पाटीवर लिहिलं: वैनीले सांगू नको.

डॉक्टरांनी गळ्याशी धरून बोलायचं एक यंत्र दिलं होतं. त्याचा आवाज सगळ्या माणसांसाठी सारखाच असतो. माय त्याला घाबरली. भावानं ते कपाटात ठेवलं. आता तो संध्याकाळी घरी आला की दाराची कडी दोनदा वाजवतो. मायला कडीची खूण सांगून झाली आहे. एकदा तिनं वैनीला हळूच विचारलं, "हा मुका मानूस आपल्या घरात कवापासून राह्यते?"

पुढच्या दसऱ्याला मी गेलो होतो. पाटावर पुन्हा लॅपटॉप होता. फलाटांच्या चिकटपट्ट्या मळल्या होत्या. वैनीनं ओली हळद घेतली आणि बोट वरच्या पट्टीकडे नेलं. भावानं तिचं मनगट धरलं आणि बोट खाली आणून पडद्याच्या पायथ्याशी ठेवलं.

"काहून?" ती म्हणाली. "मांगच्या बारीले तं वरतंच लावलं होतं."

त्यानं मनगट सोडलं नाही. वैनीनं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी खाली पाहत होतो. ती वाकली आणि कॅमेऱ्याच्या बाजूची ती दोन भोकं तिनं जवळून पाहिली. बराच वेळ पाहिली. मग ताट खाली ठेवलं आणि पदरानं बोटाची हळद पुसून टाकली.

भाऊ उठून बाहेर गेला. जाताना दाराची कडी वाजली.

"कोन?" आतून माय म्हणाली.