मी खोकले की हसायचं

ये गं, जवळ ये. एका हातात चहाचा कप आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने फोनवर पान वर ढकलत वाचणार असशील, तर राहू दे. मला नाही आवडत ते. सहा-सहा महिने तोंड दाखवत नाहीस आणि आलीस की एक पाय दारातच! बस नीट. पाय वर घेतलेस तरी चालेल, इथे कोण बघतंय. आज जे सांगणार आहे ते मी एक जण सोडून कोणाला म्हणून सांगितलेलं नाही — सख्ख्या बहिणीला नाही, आणि आमच्या ह्यांना तर नाहीच नाही. खरं तर ह्यांनाच सांगायला हवं होतं. पण थांब, तिथे मी सावकाश येते.

निनाद माझा मुलगा. त्याला तू पडद्यावर पाहिलं असशील. तो उंच, ओढलेल्या चेहऱ्याचा, कायम काहीतरी हरवल्यासारखा दिसणारा. आधी विनोदी नाटुकली करायचा, त्याला इथे अमेरिकेत स्केच म्हणतात. मग टीव्हीवर गेला, मग सिनेमात. सिनेमात त्याला कायम दंतवैद्यच करतात. साधा दंतवैद्य, घटस्फोट झालेला दंतवैद्य, एकदा तर भुताला घाबरणारा दंतवैद्य. "आई, माझं तोंड बघून लोकांची दाढ दुखते बहुतेक," म्हणतो. आता पहिल्यांदा तो हिरो झालाय — आणि त्यात एकाही माणसाचे दात बघत नाही!

लोक जीव टाकतात ते त्याच्या पॉजवर. बोलता बोलता गप्प होतो आणि नुसता बघत राहतो. की पडलीच माणसं हसून! मुलाखतीत कोणी विचारलं, हे कुठे शिकलास, की तो एक गोष्ट सांगतो. दरवेळी तीच. म्हणतो, जर्सी सिटीतलं एक तळघर होतं, रविवारची दुपार. मी वाक्य विसरलो आणि गप्प उभा राहिलो. समोर हॉलभर मावश्या होत्या, सगळ्या अनोळखी, कुठून आल्या देव जाणे. त्या माझ्या गप्प राहण्यावर हसल्या. त्या दिवशी मला कळलं की मी हे करू शकतो.

एवढं बोलून तो डोळे पुसतो. समोरचा मुलाखतवालाही पुसतो. आणि मी इथे पार्सिपनीत सोफ्यावर मटार सोलत असते — माझा हात थांबतो.

त्या मावश्या कुठून आल्या हे देवाला माहीत असेल. पण मलाही माहीत आहे ना.

आमचे हे काँक्रीट तपासायचे. पुलाचं काम असलं की ओल्या काँक्रीटचे डबे भरायचे, ते वाळवायचे आणि मशीनमध्ये दाबून फोडून बघायचे. त्यांचा एक नियम होता: ज्याचा माल त्याने सॅम्पल निवडायचं नाही. घरात भाजी आणायची तरी तोच नियम. दुकानातल्या भय्याने वांगी निवडून दिली की हे मला म्हणायचे, आता तू डोळे मिटून दोन काढ!

तर निनादचं इंजिनीअरिंग झालं, तिकडे लांब चँडलर गावी कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कंपनीत नोकरी ठरली आणि चिरंजीव म्हणाले, मी जाणार नाही, कॉमेडी करणार. मला वाटलं घर डोक्यावर घेतील हे. पण नाही. जेवण झाल्यावर हात पुसत म्हणाले, "ठीक आहे. टेस्ट करू. एक शो. परकी माणसं हसली पाहिजेत. आई, मावशी, काकू हसल्या तर ते धरायचं नाही. परकी हसली, तर मी चँडलरचं नाव काढणार नाही."

"डील, बाबा," निनाद म्हणाला.

"मी येत नाही. मला बघून तुझी बोबडी वळेल. ही जाईल. ही सांगेल ते मला मान्य. ही खोटं बोलत नाही."

ऐकलंस? ही खोटं बोलत नाही.

आता एक आतली गोष्ट. त्याच्या आधी मी एकदा गुपचूप त्याचा प्रयोग बघून आले होते. डोक्याला स्कार्फ, गॉगल, शेवटची रांग. हॉलमध्ये नऊ माणसं. त्यातला एक बरीटो खात होता, तो कागद चुरचुर वाजायचा तेवढाच काय तो आवाज. कोणी हसलं नाही. निनादने फोनवर सांगितलं, "आई, मस्त झाला शो." मी म्हटलं, हो का रे बाळा?

म्हणून मी जर्सी सिटीच्या शैलाला फोन केला. माझी जुनी मैत्रीण, तिचं तिथे भजनी मंडळ आहे. निनादने शैलाला किंवा त्या बायकांना कधी पाहिलेलं नव्हतं, ह्यांनी तर नाहीच. "शैला, बावीस बायका पाहिजेत. हसायला."

"हसायला? कशावर?"

"ते मी सांगीन तेव्हा."

अर्ध्याजणी भारतातून मुलांकडे पहिल्यांदाच आलेल्या, त्यांना ते भरभर इंग्लिश कुठून कळणार? मग आमचं ठरलं: मी पुढून दुसऱ्या रांगेत बसणार. मी खोकले की हसायचं. शैलाने भजनाच्या खोलीत तालीमसुद्धा घेतली, टाळ बाजूला ठेवून! एक देशपांडे काकू होत्या, त्या एवढ्या जोरात हसायच्या की त्यांना शेवटून तिसरी जागा दिली. आणि शो झाल्यावर शैलाच्या घरी सगळ्यांना बटाटेवडे. साठ वडे तळले मी त्या सकाळी. ह्यांना सांगितलं, देवळात द्यायचेत.

पहिलं स्केच बरं गेलं. मी तीनदा खोकले. दुसऱ्यात निनाद झाला होता डिशवॉशर दुरुस्त करणारा. एका देशी घरात येतो आणि डिशवॉशर उघडतो, तर आत भांडी नाहीतच, तांदूळ, पोहे, चकलीचा डबा — कपाटच केलंय त्याचं. आपल्या सगळ्यांकडे असतं तसं. त्याने ते पुठ्ठ्याचं दार उघडलं, आत वाकून बघितलं — आणि वाक्य विसरला.

मी आई आहे, मला मानेवरूनच कळलं. आता काय करू? श्वास कोंडला, घशात सकाळच्या तळणाची खवखव, आणि मला खोकला आला. खरा खोकला! एकदम, आवरेना. आणि बावीस बायका आज्ञेप्रमाणे फुटल्या. देशपांडे काकूंनी तर खुर्चीच बडवली. निनादने मान वळवली. काही न बोलता आमच्याकडे बघितलं. परत आत बघितलं. मला परत खोकला. परत स्फोट. शेवटी कडेला बसलेला एक गोरा मुलगाही हसायला लागला. आता तो निनादला हसला की देशपांडे काकूंना, ते मी आजतागायत सांगू शकत नाही.

तू हसतेयस. हस बाई. मीही हसते आठवलं की. पण पुढचं ऐक.

घरी आले. हे दारातच उभे. बूटही काढू दिले नाहीत. "हसली?"

मी म्हटलं, "हसली."

"परकी?"

"परकी. एक ओळखीचा चेहरा नव्हता. पोट धरधरून हसली."

ह्यांनी दार सोडलं, मला आत घेतलं. मग म्हणाले, "तुझा रिपोर्ट आहे म्हणजे सही करायला हरकत नाही." आणि खरंच, चँडलरचं नाव परत काढलं नाही त्यांनी. कोणी टोमणा मारला की छाती काढून सांगायचे, पोरगा टेस्ट पास झालाय, बाहेरच्या सॅम्पलवर. शेवटच्या आजारपणातसुद्धा नर्सला सांगितलं. चार वर्षं झाली त्यांना जाऊन.

आता म्हणशील, आईचं काळीज. म्हणू नकोस. मला तो विनोदी वाटायचा का? — नाही वाटायचा. हीच ती गोष्ट. त्या स्कार्फमधून मीही हसले नव्हते. ह्यांना शंका होती, म्हणून त्यांनी टेस्ट ठेवली. माझी खात्री होती की हा नापास होणार. ज्याचा थोडा तरी विश्वास होता तो बाप घरी बसला आणि जिचा नव्हता ती आई बावीस बायका घेऊन गेली. मुलाला खरं हसू मिळतं का ते मी बघूच दिलं नाही, त्यालाही आणि ह्यांनाही. आणि नंतर तो खरोखर एवढा मोठा झाला, तेव्हा तरी सांगायचं? नाही सांगितलं. दरवेळी मटार सोलत बसले.

आणि गेल्या महिन्यात निनादचा फोन. "आई, त्या मावश्यांना मी शोधतोय! सिनेमाच्या पहिल्या खेळाला त्यांना पुढच्या रांगेत बसवायचंय. व्हिडिओ टाकलाय मी." पाठोपाठ शैलाचा. "अगं, तो आम्हाला शोधतोय! देशपांडे काकूंनी साडी काढलीसुद्धा. सांगू का?"

म्हटलं, तू नको. मी सांगते.

सांगितलं. निनादला फोन करून, सगळं — स्कार्फ, तालीम, वडे, खोकला. मला तो विनोदी वाटायचा नाही, हेही. तिकडे शांतता. तू त्याचे पॉज पाहिलेस, पण एवढा लांब नाही पाहिलास. घसा खवखवत होता माझा. मी खोकले नाही.

मग त्याने विचारलं, "बाबांना माहीत होतं?"

"नाही."

"ओके, आई," म्हणाला. "त्या मावश्यांचा नंबर पाठव." आणि ठेवला फोन.

परवा शैला सांगत होती, बाविसांपैकी ज्या हयात आहेत त्या सगळ्यांना बोलावणं गेलंय. प्रत्येकीशी स्वतः बोलला. देशपांडे काकूंना तर म्हणाला, तुम्ही मधोमध बसायचं. मला अजून फोन नाही. बारा दिवस झाले. बरोबर आहे त्याचं.

झालं, एवढंच होतं. पाय उतरव आता, मुंग्या आल्या असतील. आणि लवकर ये गं परत, पुढच्या शनिवारीच ये. मी वडे करीन. हसलंच पाहिजे असं काही नाही.