माझ्या घरावरचे कवेलू

चंद्रपुरात लोकांच्या घरांचे नकाशे काढण्यात माझी निम्मी हयात गेली. येईल त्याला मी तेच ऐकवायचो. बाबांनो, सिमेंट कमी करा, ते भाजताना कार्बन किती निघतो बघा. वर स्लॅब तापतो, मग एसी लागतो, एसीला वीज, विजेला पुन्हा आपलाच कोळसा. लोक चहा पिऊन मान डोलवायचे आणि स्लॅबच टाकायचे. मग मी त्यांना माझ्या घरी न्यायचो. राखेच्या विटा, चुन्याचा गिलावा, वर सागाचे फाटे आणि कवेलू, म्हणजे मातीची कौलं. मे महिन्यात भर दुपारी आत आलेला पाहुणा विचारायचा, "कूलर कुठी लपवला हो?" त्या एका प्रश्नावर मी वर्षभर फुगून असायचो. ते छप्पर गेलं असतं तर माझ्याकडे लोकांना दाखवायला दुसरं काहीच उरलं नसतं.

कवेलू दरवर्षी पावसाळ्याआधी फेरावे लागतात. सगळे उतरवायचे, फुटके काढायचे, पुन्हा रचायचे. त्यासाठी धानोऱ्याकडून एक म्हातारा यायचा. काय हात होता त्याचा! एका वर्षी बोलवायला गेलो, तर तो खाटेवरूनच म्हणाला, "आता नाई चढनं होत, बाबू. पोरं तं टाइल्स बसवाले हैदराबादले गेले." दुसरा माणूस शोधून शोधून थकलो. कोणी नाही.

त्यात वानरं. कळपच्या कळप छपरावर नाचायचे. मग मी शहाण्याने खेड्यात करतात तसं छपरावर बाभळीचे काटे पसरवले. वानरं गेली. पण खेड्यात कवेलू फेरताना ते काटे दरवर्षी निघतात. माझ्याकडे फेरणाराच नव्हता. काट्यांत पाला अडकला, कुजला, पाणी मुरलं. इंजिनियर म्हणवतो स्वतःला, आणि खाली बसून थंडाव्याची भाषणं देत होतो. तिसऱ्या पावसाळ्यात कुजलेले फाटे मोडले आणि छपराचा तुकडा थेट पलंगावर आला. बायको स्वयंपाकघरात होती म्हणून वाचली. ती ओरडली नाही. "इतके वर्षं तुमचं ऐकलं. आता माह्यं ऐका," एवढंच म्हणाली.

माझ्याच घराच्या स्लॅबचा नकाशा मीच काढला. काढताना रडलो, खोटं कशाला सांगू.

स्लॅबच्या दिवशी रिवाजाप्रमाणे मजुरांना मटण-भात होता. म्हातारा काठी टेकत आला. मला मान वर करवेना. "भाऊ, माफ करा," मी म्हणालो.

"काऊन? मीनं बी टाकला ना स्लॅब घरकुलात."

"तापत नाही?"

"तापते ना. जीव जाते."

मग अंगणातल्या ढिगाकडे पाहत, लाजत त्याने जुने कवेलू मागितले. मी एकदम हरखलो. "घरावर घालता?"

"घरावर? नाई बा, लोकं हासतीन. बकऱ्यायच्या कोठ्यावर."

मी गाडीभर कवेलू दिले. आता नकाशाला कोणी आलं की स्लॅब किती जाड हवा तेवढं विचारतो आणि गप्प बसतो. परवा एसीखाली पडल्या पडल्या म्हाताऱ्याला फोन लावला. कसं काय चाललंय, विचारलं.

"आमी तं भाजून राह्यलो, बाबू," तो म्हणाला. "बकऱ्या मस्त झोपून राह्यल्या."