झेनेश आपाचे ससे

बिनतिकिटाने लपून जाणाऱ्याला आमच्याकडे ससा म्हणतात, आणि झेनेश आपाच्या नऊ नंबरच्या डब्याची बावीस वर्षांत एकही फेरी सशावाचून झाली नव्हती. सगळी विद्यार्थी पोरं. शिकायला अल्माटीला, घर पार पश्चिमेच्या टोकाला, आणि खिशात खडखडाट. डब्याची देखरेख आपाकडे. ती त्यांना सामानाच्या सगळ्यात वरच्या फळीवर गाद्यांच्या वळकट्यांमागे निजवायची. पैसा घेत नसे. पाण्याच्या बंबात कोळसा घाला, पेले विसळा, की झालं. बाई तोंडाने फटकळ, पण पोर उपाशी दिसलं की तिच्या जेवणाच्या डब्यातलं मटण त्याच्या पुढ्यात जायचं.

तिचा एकच नियम होता. नाव विचारायचं नाही. "नावच ठाऊक नसलं तर कोणी कितीही दरडावू दे, माझ्या तोंडून निघणार काय, कपाळ?" असं ती म्हणायची आणि स्वतःच्या हुशारीवर खूश व्हायची.

त्या जानेवारीतला ससा उंच, मोठाल्या कानांचा होता. पूल बांधायचं शिकत होता.

"तिकिटाचे पैसे कुठे उधळलेस रे?"

"आईला शाल घेतली, आपा. तिला सांगितलंय, तिकीट काढलंय म्हणून."

"वा रे आईवेड्या! आणि घरून निघताना पाव चावला होतास ना?"

"चावला होता की. भिंतीवर टांगलाय. आई म्हणते, उंदराने कुरतडलाय, लवकर ये."

पोरगा हसला. आपाला हसू आलं नाही. दूर जाणारा एक घास चावून जातो आणि परत येऊन तोच पाव संपवतो. अशा पावाला उंदीर लागल्याचं तिने आजवर ऐकलं नव्हतं. हा अपशकुनच, असं तिला वाटलं, पण ती बंबाकडे वळली.

दुसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटला. खिडकीबाहेर आभाळ कुठलं आणि जमीन कुठली, काही कळेना. नेमके तेव्हाच तपासनीस चढले, इंजिनाच्या बाजूने एकेक डबा बघत मागे येऊ लागले. यावरची युक्ती ठरलेली होती. कोकसाईच्या थांब्यावर गाडी दोन मिनिटं उभी राहते. सशाने पलीकडच्या बाजूने उतरायचं, पुढे पळायचं आणि तपासून झालेल्या सात नंबरच्या दारावर तीन थापा मारायच्या. तिथली खादिशा दार उघडते. शेकडो पोरं अशीच गेली होती.

"कोट राहू दे वर," आपा म्हणाली. "बर्फात जड होतो. पळ!"

तो नुसत्या स्वेटरवर उतरला आणि दोन पावलांत दिसेनासा झाला. गाडी हलली.

थोड्या वेळाने तोलेगेन तपासनीस तिच्याकडे चहाला बसला. तेवढ्यात खादिशा आली आणि आपाच्या कानाशी लागली.

"माझं दार गोठलंय गं. बाहेरून थापा ऐकल्या, पण हलेचना. पोरगं तुझ्याकडेच परतलं ना?"

आपाने डोळ्यांनीच तोलेगेनकडे खूण करून तिला परत पाठवलं. पेन्शनला अकरा महिने उरले होते. बोलली तर नोकरी गेली, आणि पेन्शनही. कोकसाईला चौकीदार आहे, तिने मनाला समजावलं. म्हातारा दार उघडेल, शेगडीपाशी बसवेल, उद्याच्या गाडीत बसवून देईल. ती पेले पुसत राहिली. एकच पेला तिने तीनदा पुसला.

"कोकसाईचा म्हातारा बरा आहे ना हो?" शेवटी तिने विचारलं.

"कुठला म्हातारा?" तोलेगेनने चहाचा घोट घेतला. "त्याला शरद ऋतूतच काढलं. कुलूप आहे तिथे. चाळीस किलोमीटरपर्यंत माणूस नाही."

आपाने पेला ठेवला, उठली आणि दाराजवळचा लाल दांडा सगळ्या जोराने खाली ओढला. गाडी किंचाळत थांबली. वरून वळकट्या कोसळल्या आणि त्यांच्याबरोबर तो कोटही.

"वेड लागलं का, आपा?" तोलेगेन ओरडला. "कोणासाठी थांबवली गाडी? यादीप्रमाणे सगळे आत आहेत!"

"यादीत नाही तो. माझा आहे. मागे राहिलाय, माझ्यामुळे."

तोलेगेन ताडकन उठला. मग त्याने कमरेचा वायरलेस काढला. "मागच्या स्टेशनला कळवतो. तिथून बर्फ काढणारं इंजिन निघेल. पण तासभर तरी लागेल. नाव काय त्याचं?"

आपाने कोट उचलला. कोटाचे खिसे तिने उलटे केले. कुर्ताचे, म्हणजे वाळवलेल्या दह्याचे, दोन गोळे आणि आगपेटी निघाली. ओळखपत्र त्याच्याजवळच होतं.

"आपा, नाव! कोणाला शोधायचं सांगू? घरी कोणाला कळवायचं?"

ती कोट छातीशी धरून उतरली आणि रुळांवरून मागे धावत सुटली. वाऱ्यात उभं राहवत नव्हतं. हाक मारायची होती. बावीस वर्षांतल्या एकाही पोराचं नाव तिला येत नव्हतं.

"सशा!" ती ओरडली. "अरे सशा!"