नाल्याची नदी झाली तेव्हा

बिल्डरच्या माहितीपत्रकात मागच्या बाल्कनीतून नदी दिसत होती. मानपाड्याला राहायला आल्यावर दिसला तो नाला. कधी हिरवा, कधी जांभळा. आज कुठला रंग आलाय ते आई सकाळी चहा घेताना बघायची.

बाबा शाळेत भूगोल शिकवायचे, नुकतेच निवृत्त झालेले. ते म्हणाले, "नाले माणसं काढतात. हा डोंगरातून येतो. ही उपनदी आहे."

एका रविवारी ते मला घेऊन उगम शोधायला निघाले. वाटेत पाणी एका मंगल कार्यालयाच्या पोटात शिरलं आणि गॅरेजमागे पुन्हा प्रकट झालं. पुढे डावीकडून एक ओहोळ येऊन मिळत होता. बाबा हरखले. जवळ जाऊन बघितलं तर तो एका कॉम्प्लेक्सचा सांडपाण्याचा पाइप निघाला.

"धरू यालाही," बाबा म्हणाले. "बारमाही आहे."

हायवे ओलांडून डोंगराच्या पायथ्याशी पोचलो, तर तिथे खरंच दगडांवरून स्वच्छ पाणी येत होतं. त्यात बोटभर मासेसुद्धा होते. बाबांनी त्यात हात बुडवला आणि मलाही बुडवायला लावला.

परतल्यावर त्यांनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये मांडलं, "लोक कचरा टाकतात, कारण त्यांना हा नाला वाटतो. नदी आहे हे कळलं तर टाकणार नाहीत."

"लावा ना काका बोर्ड, आमचं काय जातंय," सेक्रेटरी म्हणाले.

बाबांनी पुलाच्या कठड्यावर बोर्ड लावला: 'ही नदी आहे. तिचा मान राखा.'

लोकांनी मान राखला. हार आले, नारळ आले, फुटक्या तसबिरी आल्या. कचऱ्याच्या पिशव्याही येतच होत्या, फक्त त्या टाकल्यावर लोक हात जोडू लागले. एका भावी नगरसेवकाने राडारोडा ओतून काठावर तीन पायऱ्यांचा घाट बांधला, वर स्वतःचा फोटो लावला आणि स्पीकर लावून नदीची आरती केली. खाली पांढरा फेस वाहत होता. त्यालाही काहींनी नमस्कार केला.

घाटाने पात्र अरुंद झालं आणि पावसात पाणी आमच्या पार्किंगमध्ये शिरलं. सेक्रेटरी पँट दुमडून वर आले.

"काका, तुमची नदी माझ्या गाडीत आलीय."

पाणी ओसरल्यावर बाबा स्क्रूड्रायव्हर घेऊन पुलावर गेले. मी बरोबर होतो. ते बोर्ड काढत असताना निर्माल्याची पिशवी घेऊन एक बाई आल्या.

"अहो, बोर्ड का काढताय? नदी आहे ना ही?"

बाबांनी शेवटचा स्क्रू काढला. "नाही हो ताई. नालाच आहे. चुकून लागलेला बोर्ड."

"अगं बाई! नाल्यात कोणी देवाचं टाकतं का?" असं म्हणून त्या पिशवीसकट माघारी फिरल्या.

जन्मभर नद्या शिकवलेल्या माणसाने त्या दिवशी खोटा भूगोल सांगितला, आणि तो लगेच पटला. बाबा घरी येऊन जेवले. वरण अळणी झालं होतं, तेही त्यांना कळलं नाही.